फायबरग्लास नौकेतील कुजलेल्या आधारपट्ट्या : कारणे, निदान आणि दुरुस्ती
(त्र्यंबकेश्वर-नाशिक परिसरातील गोड्या पाण्याच्या जलाशयांच्या संदर्भात)

सारांश

फायबरग्लासची नौका कुजत नाही, हा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो अर्धाच खरा आहे. नौकेचे कवच कुजत नाही. मात्र जुन्या नौकांमध्ये त्या कवचाला ताठपणा देणारे अंतर्गत आधार बहुधा लाकडाचे असतात आणि ते कवचाखाली, दृष्टीआड कुजतात. गोड्या पाण्यात व पावसात हा धोका समुद्रापेक्षा अधिक असतो. प्रस्तुत लेखात या आधारांचे कार्य, ते कुजण्याची कारणे, निदानाच्या पद्धती आणि दुरुस्तीची शास्त्रीय क्रमवारी यांचे विवेचन केले आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिक परिसराच्या हवामानाला अनुरूप असे दुरुस्तीचे वेळापत्रकही सुचविले आहे.

बीजसंज्ञा : फायबरग्लास, आधारपट्टी, बुरशीजन्य कूज, रेझिन, जीवरक्षक नौका, प्रतिबंधक देखभाल.

प्रस्तावना

ब्रह्मगिरी आणि त्याच्या पायथ्याशी वसलेले त्र्यंबकेश्वर हा सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिवृष्टीचा प्रदेश आहे. येथे उगम पावणारी गोदावरी सुमारे तीस किलोमीटरवरील नाशिकला पोहोचण्यापूर्वी गंगापूर धरणात अडविली जाते. हे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. दक्षिणेस वैतरणेचा विस्तीर्ण जलाशय आहे. समुद्रापासून दूर असूनही या परिसरात नौका ही अपरिचित वस्तू राहिलेली नाही. पर्यटन, मासेमारी आणि पूरकाळातील बचावकार्य अशा तीन कारणांसाठी ती वापरली जाते.

यांपैकी तिसरे कारण विशेष महत्त्वाचे आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदावरीच्या पुराने नाशिकचा नदीकाठ पाण्याखाली गेला होता. २००३, २०१५ आणि २०२६-२७ असा बारा वर्षांच्या अंतराने येणारा सिंहस्थ कुंभमेळा हाही नदीपात्रात जीवरक्षक नौका सज्ज ठेवण्याचा प्रसंग असतो. अशी नौका वर्षातील बहुतांश काळ शेडमध्ये किंवा उघड्यावर पडून असते आणि ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी तिच्यावर क्षमतेएवढा, कधी क्षमतेपेक्षा अधिक भार येतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा संबंध लाकडाच्या कुजण्याशी जोडण्याचे कारण नाही. मात्र संकटाच्या घडीला नौकेत किती माणसे चढतील हे कोणाच्याही हाती नसते, हे तिने दाखवून दिले. म्हणूनच नौकेची मूळ ताकद शाबूत आहे की नाही, हे आधी तपासून ठेवणे आवश्यक ठरते.

फायबरग्लास कवचाला आधार का लागतो?

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई किंवा विणलेले कापड आणि त्याला बांधून ठेवणारे रेझिन यांचे संयुक्त द्रव्य होय. १९४० च्या दशकात पॉलिएस्टर रेझिन उपलब्ध झाल्यावर त्याचा नौकाबांधणीत वापर सुरू झाला आणि पुढील तीन-चार दशकांत लहान नौकांच्या बाबतीत त्याने लाकडाला बऱ्याच अंशी मागे सारले.

हे द्रव्य ताणाला बळकट असले तरी ताठ नाही. ताठपणाच्या मापात पोलाद सुमारे २०० गिगापास्कल, सागवान सुमारे १० ते १२ गिगापास्कल, तर हाताने थापलेली काचेची चटई केवळ ७ ते ८ गिगापास्कल इतकी भरते. म्हणजे कवच तुटणार नाही, पण लवत राहील. त्याला ताठ करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जाडी वाढविणे. त्यात वजन व खर्च दोन्ही वाढतात. दुसरा मार्ग म्हणजे पातळ कवचाला आतून उभे आधार देणे. एखाद्या पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केल्यास ताठपणा आठपट होतो. या एका नियमामुळे काही सेंटीमीटर उंचीची उभी पट्टी तळाच्या मोठ्या क्षेत्राला ताठ ठेवू शकते.

नौकेच्या नाळेपासून मागील टोकापर्यंत तळाला धरून जाणाऱ्या अशा लांब पट्ट्यांना कारागीर स्ट्रिंगर म्हणतात. येथे त्यांना आधारपट्ट्या म्हटले आहे. त्यांच्या जोडीला आडवे पडदे असतात. मागील बाजूस जेथे इंजिन टांगले जाते, ती उभी फळी म्हणजे ट्रान्सम होय. जुन्या नौकांमध्ये या तिन्ही ठिकाणी लाकूड किंवा प्लायवूड वापरून त्यावर फायबरग्लासचे आवरण चढविलेले असते.

येथे एक भेद लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. काही नौकांत लाकूड हे केवळ साच्याचे काम करते. त्यावरील फायबरग्लास जाड असते आणि भार तेच वाहते. अशा नौकेत आतील लाकूड कुजले तरी ताकद लगेच नाहीशी होत नाही. इतर नौकांत मात्र फायबरग्लासचा थर पातळ असून तो लाकडाला फक्त जागेवर धरून ठेवतो. भार लाकूड वाहते. अशा नौकेत लाकूड कुजणे म्हणजे आधारच नाहीसा होणे. दुरुस्ती किती तातडीची व किती सखोल हवी, हे या भेदावर ठरते.

लाकूड का कुजते?

कूज हे बुरशीचे काम आहे. तिला लाकूड हे अन्न, प्राणवायू, अनुकूल तापमान आणि ओलावा या चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन नौकेत कायम उपलब्ध असतात. २० ते ३० अंश सेल्सिअस हे तापमान बुरशीला सर्वाधिक मानवते आणि नाशिक परिसरातील पावसाळा नेमका याच मर्यादेत असतो. उरतो तो ओलावा. लाकडातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या वीस टक्क्यांखाली असेल तर कूज सुरू होत नाही. ते तीस टक्क्यांच्या आसपास गेले, म्हणजे तंतूंच्या भिंती पाण्याने पूर्ण भरल्या, की बुरशीला मुक्त वाव मिळतो.

हा ओलावा आत शिरतो तो बहुधा बांधणीच्या वेळी मारलेल्या छिद्रांतून. फळ्या बसविण्यासाठी मारलेले स्क्रू, इंजिनाचे बोल्ट, नळ्यांसाठी पाडलेली भोके आणि विशेषतः तळातील पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहावे म्हणून आधारपट्टीला खालच्या अंगाने ठेवलेली छिद्रे यांच्या कडा अनेकदा रेझिनने बंद केलेल्या नसतात. तेथून लाकूड पाणी शोषून घेते. तंतूंच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने प्रवास करते. त्यामुळे एका उघड्या छिद्रापाशी सुरू झालेली कूज पट्टीच्या लांबीने दूरवर पसरते.

परिसरातील जुन्या वाड्यांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वाड्याचा लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो. जमिनीची ओल त्याला थेट भिडत नाही. पावसाळ्यात तो दमट झाला तरी चारही बाजूंनी वारा लागत असल्याने हिवाळ्यात पुन्हा सुकतो. टिकाऊपणाचे रहस्य ओले न होण्यापेक्षा सुकता येण्यात अधिक आहे. फायबरग्लासमध्ये बंद केलेल्या लाकडाला ही सोय नसते. जे आवरण पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते, तेच एकदा आत गेलेले पाणी बाहेर पडू देत नाही.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे पाण्याचे स्वरूप. समुद्राच्या पाण्यातील मीठ कूज घडविणाऱ्या बुरशीला रोखते. पावसाच्या व जलाशयाच्या पाण्यात हे संरक्षण नाही. त्यामुळे कोकणच्या खाडीत रोज चालणाऱ्या नौकेपेक्षा घाटमाथ्यावर झाकण न घालता उभी ठेवलेली, तळात पावसाचे पाणी साचलेली नौका कुजण्याची शक्यता अधिक असते. वापर कमी म्हणून झीज कमी, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

कूज डोळ्यांना दिसण्याआधीच ताकद घटते, ही बाबही ध्यानात घ्यावी. लाकडाच्या वजनात पाच ते दहा टक्के घट होते, तेव्हाच त्याची आघात सहन करण्याची क्षमता निम्म्याहून अधिक कमी झालेली असू शकते. ज्या नौकेला पुराच्या प्रवाहात खडक, झाडाचे ओंडके किंवा घाटाच्या पायऱ्या यांचे धक्के बसणार आहेत, तिच्यासाठी हीच क्षमता निर्णायक आहे.

निदान

निदानाची सुरुवात साध्या निरीक्षणाने करता येते. तळावर चालताना पायाखाली दबल्यासारखे वाटणे, आधारपट्टीच्या रेषेवर फायबरग्लासला केसासारख्या चिरा पडणे, इंजिनाचे बोल्ट वारंवार सैल होणे, छिद्रांतून तपकिरी पाणी झिरपणे आणि नौका पूर्वीपेक्षा पाण्यात अधिक बुडणे ही लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण पाणी शोषलेल्या लाकडाचे किंवा तळाखाली भरलेल्या फोमचे असू शकते.

त्यानंतर लहान हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर दर दहा सेंटीमीटरवर ठोकून पाहावे. निरोगी भाग टणक, स्वच्छ आवाज देतो; कुजलेला किंवा सुटलेला भाग बद्द आवाज देतो. संशयित जागी पाच-सहा मिलिमीटरचे छिद्र पाडून भुसा तपासणे ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. कोरडा, फिकट व लांबट भुसा लाकूड चांगले असल्याचे दर्शवितो, तर काळपट, ओला, वास येणारा व चुरा होणारा भुसा कूज दर्शवितो. छिद्रे पट्टीच्या खालच्या भागात पाडावीत, कारण पाणी तेथे साचते. तपासणीनंतर प्रत्येक छिद्र इपॉक्सीने बंद करावे. अन्यथा निदानच नव्या आजाराचे कारण बनेल. ओलावामापक यंत्र उपयुक्त असले तरी फायबरग्लासच्या थरातून घेतलेले त्याचे आकडे केवळ तुलनेसाठी वापरावेत.

दुरुस्तीचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे छिद्रे पाडून पातळ इपॉक्सी आत ओतणे. तो स्वस्त व सोपा वाटतो. परंतु कुजलेले लाकूड ओले असते, ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही आणि ते कोठपर्यंत पोहोचले हे कळण्याचा मार्ग नसतो. भार वाहणाऱ्या पट्टीसाठी हा पर्याय स्वीकारार्ह नाही.

दुसरा पर्याय म्हणजे कुजलेल्या पट्टीच्या बाजूला नवी पट्टी जोडणे. यात जुनी ओल व बुरशी आतच राहते आणि शेजारच्या नव्या लाकडाला तिचा संसर्ग होऊ शकतो.

तिसरा पर्याय म्हणजे कुजलेला भाग पूर्ण काढून नवा बसविणे. तो कष्टाचा व वेळखाऊ आहे, पण विश्वासार्ह तोच आहे. नवी पट्टी लाकडाची असावी किंवा बंद पेशींच्या फोमची. फोम स्वतः भार वाहत नाही, म्हणून त्यावरील फायबरग्लासचा थर पुरेसा जाड द्यावा लागतो. इंजिनाखाली मात्र बोल्ट धरून ठेवण्यासाठी कठीण लाकूड किंवा तत्सम भरीव द्रव्यच लागते.

लाकूड निवडताना एक विरोधाभास समोर येतो. सागवान कुजण्यास विरोध करते म्हणून ते सर्वोत्तम वाटते. परंतु त्यातील नैसर्गिक तेलामुळे रेझिनची पकड कमी होते. आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड किंवा तेलाचा अंश नसलेले, सरळ तंतूंचे, चांगले सुकविलेले लाकूड अधिक योग्य ठरते.

लाकूड आणि फायबरग्लास यांचे नाते मुळातच सदोष आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस फायबरग्लास या कारखान्यात बांधलेली भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका सिडार लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लास यांच्या संयोगातून घडविलेली आहे. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. लाकूड सर्व बाजूंनी काटेकोरपणे बंद केले तर ते फायबरग्लासमध्ये उत्तम काम देते. दोष द्रव्याचा नसून उघड्या राहिलेल्या कडांचा असतो.

दुरुस्तीची क्रमवारी

१. *नौकेला आकारात धरणे.* आधारपट्टी काढल्यावर कवच लवचीक होते व सहज आकार बदलते. म्हणून नौका सपाट जागी, तळाच्या आकाराशी जुळणाऱ्या अनेक टेकूंवर उभी करावी. सर्व पट्ट्या एकदम न काढता एका वेळी एक काढावी.

२. *मापे घेणे.* पट्टीची उंची, जागा व दोन पट्ट्यांमधील अंतर काढण्यापूर्वीच नोंदवावे. पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवावेत आणि दोरी ताणून रेषा निश्चित करावी. इंजिनाच्या बैठकीची उंची काही मिलिमीटरने चुकली तरी पुढे कंपने निर्माण होतात.

३. *कुजलेला भाग काढणे.* वरचे आवरण ग्राइंडरने कापताना तळालगत तीन ते पाच सेंटीमीटरची कड ठेवावी. ती नव्या पट्टीची जागा अचूक दाखविते. लाकूड निरोगी दिसू लागल्यावरही त्यापुढे काही अंतर कापावे, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात.

४. *सुकविणे व घासणे.* कवचाची आतील बाजू पूर्ण कोरडी होऊ द्यावी. नंतर दोन्ही बाजूंस दहा ते पंधरा सेंटीमीटरच्या पट्ट्यात खरखरीत कागदाने, सुमारे ४० क्रमांकाच्या, घासून जुने रंग व मेण काढावे. पूर्ण घट्ट झालेल्या जुन्या थराशी नव्या थराचे रासायनिक बंध जुळत नाहीत. पकड केवळ खरखरीत पृष्ठभागाची असते. दुरुस्ती पुन्हा सुटण्याचे सर्वांत सामान्य कारण ही पायरी टाळणे हेच आहे.

५. *नवी पट्टी तयार करणे.* पट्टीच्या वरच्या कडा गोल कराव्यात, कारण काचेचे तंतू तीक्ष्ण कोपऱ्यावर बसत नाहीत व तेथे हवा अडकते. टोके एकदम न संपवता उतरती करावीत. अन्यथा तेथे ताण एकवटून कवचाला चीर पडते. पट्टीच्या सर्व बाजू, विशेषतः कापलेली टोके, पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात देऊन बंद कराव्यात.

६. *बसविणे.* पट्टी थेट कवचावर टेकवू नये. घट्ट केलेल्या इपॉक्सीच्या गादीवर ती बसवावी, म्हणजे भार सर्वत्र सारखा वाटला जातो. दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत त्याच लगद्याची गोलाई भरावी.

७. *आवरण चढविणे.* गोलाई पूर्ण कडक होण्यापूर्वीच काचेच्या कापडाचा पहिला थर द्यावा. प्रत्येक पुढील थराची कड आधीच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर सरकवून ठेवावी, म्हणजे जाडी हळूहळू उतरत जाते. प्रत्येक थरातील हवा रोलरने काढावी. इपॉक्सीसोबत विणलेले कापडच वापरावे. पॉलिएस्टरसाठी बनविलेल्या बहुतेक चटयांचा बंधक इपॉक्सीत विरघळत नाही.

८. *छिद्रे.* पाणी वाहण्याची छिद्रे मोठी पाडून त्यांत नळी इपॉक्सीने पक्की करावी. बोल्टसाठी आधी मोठे छिद्र पाडावे, ते इपॉक्सीच्या लगद्याने भरावे आणि कडक झाल्यावर त्यातून नेमक्या मापाचे छिद्र काढावे. यामुळे बोल्ट लाकडाला कोठेही स्पर्श करत नाही.

फायबरग्लासचे कारागीर सामान्यतः पॉलिएस्टर रेझिन वापरतात, कारण ते इपॉक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. नव्या बांधणीत ते पुरेसे असले तरी जुन्या थरावर व लाकडावर त्याची पकड इपॉक्सीपेक्षा कमी असते. म्हणून दुरुस्तीत इपॉक्सीवरील जादा खर्च समर्थनीय ठरतो.

हवामानानुसार वेळापत्रक

या परिसरात दुरुस्तीचे यश बऱ्याच अंशी ऋतूच्या निवडीवर अवलंबून आहे. पावसाळ्यात लाकूड सुकत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर चिकट पापुद्रा येऊन पुढील थर धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंशांखाली उतरते. अशा थंडीत बहुतेक रेझिन नीट कडक होत नाहीत. मे महिन्यात उलट अडचण येते. मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते.

त्यामुळे नौका दिवाळीनंतर उघडावी, कुजलेला भाग काढून ती हिवाळाभर छपराखाली सुकू द्यावी, फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकटविण्याचे काम करावे आणि एप्रिलमध्ये चाचणी घ्यावी, असा क्रम सोयीचा ठरतो. नव्या लाकडातील ओलावा चिकटविताना बारा ते पंधरा टक्क्यांहून अधिक नसावा. फाल्गुनातील कोरड्या हवेत हे सहज साधते. जून उजाडण्यापूर्वी नौका कामास सज्ज असते.

कारागिरांची सुरक्षितता

जुने आवरण कापताना उडणारी काचेची धूळ त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला अपायकारक असते. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनची वाफही बंदिस्त जागेत घातक ठरते. योग्य मुखवटा, चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा यांची व्यवस्था संस्थेने करून द्यावी. ती कारागिराच्या मर्जीवर सोडू नये. पॉलिएस्टरमध्ये वापरला जाणारा पेरॉक्साइड कॅटॅलिस्ट डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टयुक्त ॲक्सिलरेटर हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. ॲक्सिलरेटर प्रथम रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच कॅटॅलिस्ट घालावा.

धोरणात्मक विचार

जुनी नौका मोडीत काढावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. फायबरग्लास वितळवून पुन्हा वापरता येत नाही. टाकून दिलेले कवच वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. कवच निरोगी असेल तर आधार बदलून नौकेचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढविता येते. उलट कवचाचे थरच सुटू लागले असतील किंवा तळासह ट्रान्समही कुजला असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ अन्वये यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नौकांची नोंदणी व सर्वेक्षण बंधनकारक आहे. परंतु कोणत्याही सर्वेक्षणाच्या दिवशी आवरणाखालची कूज आपोआप दिसत नाही. नौकेची बांधणी, दुरुस्ती व पाडलेली प्रत्येक नवी छिद्रे यांची नोंदवही संस्थेकडे असेल, तरच तपासणाऱ्याला कोठे ठोकून पाहावे हे कळते. आपत्ती व्यवस्थापन समित्यांवर काम करणाऱ्या अध्यापकांना अशी नोंदवही सुरू करून देणे सहज शक्य आहे. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या तिन्ही विभागांना विद्यार्थ्यांसाठी त्यातून प्रत्यक्ष अभ्यासविषय मिळू शकतो.

निष्कर्ष

१. फायबरग्लास नौकेचे आयुष्य तिच्या कवचावर नव्हे, तर आतील आधारांवर ठरते.

२. गोड्या पाण्याच्या व अतिवृष्टीच्या प्रदेशात, कमी वापरल्या जाणाऱ्या नौकांमध्ये लाकडी आधार कुजण्याचा धोका अधिक असतो.

३. कूज दिसण्यापूर्वीच ताकद घटत असल्याने जीवरक्षक नौकांची ठोकून व छिद्र पाडून तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुरेशा अवधीने, शक्यतो दिवाळीच्या सुमारास व्हावी. मे महिन्यात आढळलेला दोष त्या वर्षी दुरुस्त होऊ शकत नाही.

४. भार वाहणारी कुजलेली पट्टी पूर्ण काढून बदलणे हाच विश्वासार्ह उपाय आहे. इपॉक्सी ओतणे हा नव्हे.

५. नौका उताराने उभी करून तळाचे बूच काढून ठेवणे व वर झाकण घालणे, या जवळजवळ बिनखर्ची काळजीने वरील दुरुस्तीची वेळ बहुतांशी टाळता येते.